अमेरिकी डॉलर, कलदार आणि हाली सिक्का : सेनगाव परिसरातील रौप्य नाण्यांचे मूल्य

मराठवाड्यातील नाण्यांच्या अभ्यासात सातवाहन-यादवांना जे स्थान लाभले, ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रौप्य नाण्यांना लाभलेले नाही. या दृष्टीने सेनगाव परिसर लक्षणीय आहे. निजाम राजवटीत येथे हाली सिक्का चाले, तर लगतच्या रिसोड-वाशीमकडे, म्हणजे वऱ्हाडात, ब्रिटिशांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ढोबळ भाव. त्याचे मूळ धातूत आहे. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता ९१.७ टक्के, चारमिनार छापाच्या हालीचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि शुद्धता ८१.८ टक्के.

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली. १९१८ च्या आरंभी तर नोटांच्या बदल्यात रुपये देणेही हिंदुस्थान सरकारला अवघड होऊन बसले. तेव्हा अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा केला आणि त्यानुसार २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानातील नाण्यांसाठी ब्रिटनला विकण्यात आली. एका डॉलरात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन, कलदारात १६५ ग्रेन. म्हणजे एका डॉलरातून बरोबर सव्वादोन रुपये. अर्थात आज हाती येणारा एखादा कलदार अमेरिकी चांदीचाच आहे, हे सिद्ध करता येत नाही.

या घटनेचा परिणाम अमेरिकेतील संग्राहक आजही अनुभवतात. कोणत्या वर्षाचे व कोणत्या टांकसाळीचे डॉलर वितळविले, याची नोंदच ठेवली गेली नाही. त्यामुळे मॉर्गन डॉलरची दुर्मिळता केवळ उत्पादनाच्या आकड्यांवरून ठरत नाही. किती उरले, हे पाहावे लागते. आपल्याकडे १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचे तेच झाले. राजवस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि पाडलेल्या नाण्यांपैकी बहुतेक पुन्हा वितळविण्यात आली. म्हणून त्याला मोठी किंमत येते. उलट १९१८ चा रुपया मुंबई व कलकत्ता मिळून ४० कोटींहून अधिक पाडला गेला. झिजलेल्या नगाला चांदीच्या भावाहून फारसे अधिक मिळत नाही. घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत तर आणखी घटते.

परंतु संग्राहकाचे मूल्य आणि इतिहासाचे मूल्य एक नव्हे. बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत कडी डाखलेला रुपया संग्राहक नाकारतो. अभ्यासकाला मात्र ती कडीच नाण्याच्या दुसऱ्या आयुष्याचा पुरावा वाटावी. सराफाच्या तराजूत हे दोन्ही विचार संपतात. तेथे हालीला कमी कस, कलदाराला अधिक, आणि पुढे मूस.

एका घरात हाली किती, कलदार किती, त्यांवरील साले कोणती, कलदारावर मुंबई टांकसाळीचा ठिपका आहे की नाही, एवढी नोंद गावोगाव झाली, तरी निजामाची हद्द ओलांडून होणाऱ्या व्यवहाराचे चित्र हाती येईल. त्यासाठी नाणी विकत घेण्याची गरज नाही. वही, मोजपट्टी आणि ग्रॅमचा काटा पुरेसा आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते व खासगी व्यक्तीस ते परदेशी नेता येत नाही. गावच्या मुशीत ते वितळते तेव्हा मात्र त्याची दखल कोणी घेत नाही.