कामगंध



शेतीखात्याच्या पत्रकांची भाषा तशी रुक्ष. पण त्यात कधीकधी असा एखादा शब्द सापडतो की कवीनेही हेवा करावा. ‘पक्षीथांबे’ हा तसा एक. दुसरा ‘कामगंध सापळा’, म्हणजे फेरोमोन ट्रॅप. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध हवेत सोडते तो कामगंध, आणि त्याच गंधाची नक्कल करून नराला फसवायचं ते हे साधन.

आमच्या पारनेर तालुक्यात पाऊस बेताचा. रब्बीत जमिनीत राहिलेल्या ओलीवर हरभरा येतो आणि त्याच्यामागोमाग घाटेअळीही येते. त्या हरभऱ्यात काठीला बांधलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं, वर झाकण, खाली लांब पिशवी असं काही दिसलं तर तो हा सापळा. झाकणाखाली रबराची एक छोटी गोळी असते. तिला ल्यूर म्हणतात. आपल्या नाकाला तिचा काहीही वास येत नाही. नर पतंगाला मात्र येतो, आणि तो थेट पिशवीत जाऊन पडतो.

आमच्या तात्यांनी (माझे चुलते) मला एकदा विचारलं होतं, “रोज यवढे पतंग पडत्यात पिशवीत, तरी आळी हाय तेवढीच. आसं का रं?”

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये फाब्र नावाचे एक मास्तर होते. आयुष्यभर किडे बघत बसलेला माणूस! त्यांच्या घरात एका सकाळी मोठ्या मोरपतंगाची मादी कोषातून बाहेर आली. त्यांनी तिला जाळीखाली झाकून ठेवलं. रात्री पाहतात तो घरात नरांचा थवा, जवळजवळ चाळीस. अंधारात, झाडाझुडपांतून वाट काढत आलेले. गंध असणार हा तर्क होता, पण माणसाच्या नाकाला काहीच कळत नव्हतं. मग सिद्ध कसं करणार?

ते सिद्ध केलं जर्मनीच्या आडॉल्फ बुटेनान्ट यांनी. माणसाच्या लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी त्यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं होतं. त्यांनी रेशमाचा किडा निवडला, कारण तो लाखांनी पाळला जातो. सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या, त्यातून कणभर पदार्थ वेगळा केला आणि १९५९ मध्ये त्याची रचना जाहीर केली. नाव ठेवलं बॉम्बिकॉल. या सगळ्याला जवळजवळ वीस वर्षं लागली. मधे एक महायुद्ध होऊन गेलं! ‘फेरोमोन’ हा शब्दही त्याच वर्षीचा, कार्लसन आणि ल्यूशर यांनी दिलेला.

यानंतर प्रत्येक किडीचा गंध शोधण्याची चढाओढ लागली. त्यात आपल्या ओळखीची एक अळी आहे. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, म्हणजेच शेंदरी बोंडअळी. ही मूळची आपल्याच बाजूची. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये लंडनमध्ये केलं, तेही भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. भडोच तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पुढे सरकीत लपून ही अळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तला गेली, तिथून १९११ च्या सुमारास मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासला पोचली.

अमेरिकेने मग तिच्या गंधाचा पिच्छा पुरवला. १९६६ मध्ये जाहीर झालं की गंध सापडला. नाव ठेवलं प्रॉपिल्यूर. पण नर काही त्याकडे फिरकेनात. खरा गंध सापडायला १९७३ साल उजाडलं. एकाच रेणूची दोन किंचित वेगळी रूपं, जवळजवळ निम्मी-निम्मी मिसळलेली. त्याला गॉसिप्ल्यूर म्हणतात. प्रमाण चुकलं की नराला ओळख पटत नाही. पतंगाच्या मिशांना जे कळतं ते प्रयोगशाळेला कळायला सात वर्षं लागली.

हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा गंध १९७० च्या दशकाच्या शेवटी उलगडला. त्यातही दोन घटक, साधारण ९७ ला ३ या प्रमाणात. तो आपल्या रानात कसा वापरायचा, याचं काम झालं हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या संस्थेत. ती १९७२ मध्ये स्थापन झाली. सी. एस. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे हे सापळे कसे विकसित होत गेले, त्यावर १९८८ मध्ये निबंध लिहिला. देशात ठिकठिकाणी सापळे लावून त्यात आलेले पतंग मोजायचे, असं जाळंही या संस्थेने विणलं होतं.

मोजायचे! तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर या शब्दात आहे.

सापळ्यात फक्त नर पडतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे निम्मे पकडले तरी उरलेले काम भागवतात. आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. तीही बऱ्याचदा शेजारच्या रानातून, आधीच फळून आलेली असते. म्हणून हेक्टरी पाच सापळ्यांनी अळी संपत नाही. त्यांचं काम निरोप देण्याचं आहे. पतंग वाढले, आता अंडी पडणार, पीक बारकाईने बघा, हा तो निरोप. कपाशीत सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर उपाय करा, हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसल्या तर हात हलवा, असे आकडे ठरलेले आहेत. त्याच्या आत असेल तर पंप खाली ठेवायचा.

पंप खाली ठेवणं ही किती मोठी गोष्ट आहे हे २०१७ मध्ये कळलं. बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. काही वर्षं बोंडअळीचा विसर पडला. मग अळीने बीटी पचवायला सुरुवात केली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडंच्या बोंडं किडकी निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. उंच वाढलेली कपाशी, अंगावर येणारं औषध, तोंडाला नीट फडकंसुद्धा नाही. त्यातली प्रत्येक फवारणी टाळता आली असती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण न केलेली प्रत्येक फवारणी एका माणसाला विषापासून लांब ठेवते, हे तर खरंच ना?

गंधाचा आणखी एक उपयोग आहे. सगळ्या रानात इतका गंध सोडायचा की नराला खरी मादी कुठे आहे ते कळूच नये. याला मीलनात अडथळा आणणं म्हणतात. अमेरिकेत गॉसिप्ल्यूरला अशा वापराची मान्यता १९७८ मध्ये मिळाली. पुढे बीटी, वंध्य पतंग, गंध आणि वेळेवर नांगरट यांची जोड देऊन, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी ती अळी हटवली. २०१८ मध्ये कपाशीच्या पट्ट्यातून ती हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडून गेलेली अळी तिथून गेली, आपल्याकडे मात्र तळ ठोकून आहे. आता आपल्याकडेही झाडांना गंधाच्या दोऱ्या बांधायला सुरुवात झाली आहे.

यात गोम एकच. हे एकट्याच्या एकरात होत नाही. मी दोऱ्या बांधल्या आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, तर त्याच्या रानातली फळलेली मादी माझ्या कपाशीवर येणारच. पाण्याचंही तसंच असतं, आणि ते आमच्या तालुक्याला नव्याने सांगायला नको. राळेगणसिद्धीत पाणी अडवताना चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी सगळ्या गावाने पाळली, म्हणून विहिरींना पाणी आलं. एकट्याने पाळून काही झालं नसतं.

पाच लाख माद्या, वीस वर्षं, एक चुकलेला गंध... शास्त्रज्ञांनी आपल्या वाट्याचं काम केलं. आता उरलं आहे ते गावाच्या वाट्याचं. बांध माणसाने घातलेला आहे, पतंगाला तो दिसत नाही.