समाप्तीनंतरची लेखणी

मोठा ग्रंथ तडीस नेणे कठीण खरेच. परंतु तो संपल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा लेखणी हाती धरणे त्याहून कठीण, असे वाङ्मयाचा इतिहास चाळताना आम्हांस वारंवार दिसून येते.

एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाची अखेरची ओळ २७ जून १७८७ च्या रात्री लोझान येथे लिहिली. प्रथम मुक्ततेचा आनंद आणि पाठोपाठ जुन्या सोबत्याचा कायमचा निरोप घेतल्याची खिन्नता, अशी आपली मनःस्थिती त्याने स्वतःच नमूद केली आहे. पुढे त्याने आत्मचरित्र हाती घेतले. त्याचे सहा खर्डे केले. परंतु एकही शेवटास न जाता १७९४ च्या जानेवारीत तो निवर्तला. प्रकृतीनेही त्याला दगा दिला, हे मान्य केले पाहिजे; तथापि पूर्वीची ती अखंड गती पुन्हा आली नाही.

याच्या उलट अँथनी ट्रॉलपचे. पोस्ट खात्यातील नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहावयास बसे. समोर घड्याळ असे, आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द हा त्याचा नेम. किती पृष्ठे झाली याचा हिशेब वहीत मांडलेला असे. १८५८ साली ‘डॉक्टर थॉर्न’ ही कादंबरी पुरी होताच दुसऱ्याच दिवशी त्याने पुढची आरंभिली. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आला, तेव्हा रसिकांनी नाके मुरडली. पण सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्या या हिशेबाच्याच बळावर!

आपल्याकडे पाहू जाता दृष्टी बडोद्याकडे वळते. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावे, राजपुत्रांना शिकवावे, हे त्यांचे काम. त्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच १८९८ ची ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली आणि पुढे ‘मराठी रियासत’ खंडशः वाढत गेली. १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. ते काम हातावेगळे झाले तेव्हा वय सत्तरीच्या घरात होते. तेथे थांबते तर कोणी नावे ठेविली नसती. परंतु १९४६ ते १९४८ या काळात मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. जदुनाथ सरकारांशी १९०४ पासून सुमारे अर्धशतक त्यांचा पत्रव्यवहार चालला. दोन ग्रंथांमधल्या काळातही लेखणी कोरडी पडली नाही, याचे हे गमक होय.

या तिघांची प्रतिभा एका मापाने मोजणे योग्य होणार नाही. पण एक भेद स्पष्ट आहे. ज्याचा करार ग्रंथाशी, त्याची लेखणी ग्रंथाबरोबर मिटते; ज्याचा करार दिवसाशी, त्याला उद्या उगवतोच. आमच्या वाङ्मयीन संस्थांत प्रकाशनसमारंभ थाटाने होतात, हार पडतात, आणि लेखक पुढे वर्षानुवर्षे मौन धरतो. बृहन्महाराष्ट्रात मराठी लिहिणारे हात आधीच थोडे. त्यांतील एकही असा विसावणे परवडणारे नाही. म्हणून समारंभाच्या दुसऱ्या दिवशी एखादे टिपण वा एखादे पत्र लिहिले जावे, एवढीच आमची विनंती. मोठ्या ग्रंथाचे बीज अशा लहान कामातच असते.