स्पोर्ट्स कारची उतरलेली बॅटरी

स्पोर्ट्स कार बरेच दिवस उभी राहिली, की तिच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतील भार हळूहळू संपतो. मग सेल्फ फिरत नाही, किल्लीवरच्या बटणाला कुलूप दाद देत नाही, आणि काही गाड्यांत बॅटरीवरचे झाकणही उघडत नाही. या अवस्थेला ‘बॅटरी उतरणे’ किंवा ‘बॅटरी बसणे’ म्हणतात. ‘बॅटरी गेली’ याचा अर्थ वेगळा आहे. उतरलेल्या बॅटरीत भार परत भरता येतो. गेलेली बॅटरी भार घेत नाही किंवा घेतलेला टिकवत नाही. या दोन अवस्थांमध्ये मुख्य अंतर काळाचे असते, म्हणून बॅटरी किती खोल उतरली आणि तशीच किती दिवस पडून राहिली, हे आधी पाहावे लागते.

पूर्वपीठिका : पुन्हा भारित करता येणारी शिसे-अम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्यामुळे पुढे हँडल मारण्याचे कष्ट संपले आणि इंजिन सुरू होणे बॅटरीवर अवलंबून राहू लागले. आरंभी ६ व्होल्टच्या बॅटऱ्या रूढ होत्या. १९५० च्या दशकात मोटारगाड्यांत १२ व्होल्टची पद्धत सर्वत्र पसरली.

बॅटरी उतरण्याची कारणे : इंजिन बंद असले तरी आधुनिक गाडीतील चोरघंटा, रिमोटचा संदेश ऐकणारा ग्राही, घड्याळ आणि संगणकीय नियंत्रक थोडी वीज घेतच असतात. निर्दोष गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने २५ दिवसांत निम्मी आणि ५० दिवसांत रिकामी होते. रोज वापरातल्या गाडीचा आल्टरनेटर ही तूट भरून काढतो. स्पोर्ट्स कार मात्र बहुधा हौसेची, दुसरी-तिसरी गाडी असते आणि आठवडेच्या आठवडे आच्छादनाखाली उभी राहते. जमिनीलगत बसणारी अशी गाडी मुंबई-पुण्याकडचे मालक पावसाळ्यात फारशी बाहेर काढत नाहीत. जून ते सप्टेंबर हे सुमारे १२० दिवस धरले, तर उभ्या गाडीचा खर्च १४४ अँपिअर-तासांवर जातो, म्हणजे दोन बॅटऱ्यांहून अधिक.

याशिवाय बॅटरी आतल्या आतही भार गमावते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, की ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली बॅटरी थंड तळघरातल्या बॅटरीपेक्षा लवकर उतरते. अर्धवट लागलेले दार, डिकीतला जळत राहिलेला दिवा किंवा मागाहून बसवलेली संगीत यंत्रणा हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

आत काय घडते : बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. भारित अवस्थेत एक पट्टी लेड डायऑक्साइडची व दुसरी सच्छिद्र शिशाची असते. दोन्ही विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडालेल्या असतात. वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साठते आणि अम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असल्याने भारित करताना ते पुन्हा विरघळते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर या कणांचे मोठे, कठीण स्फटिक होतात. ते विरघळत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. या क्रियेला सल्फेटीकरण म्हणतात. उतरलेली बॅटरी ‘जाते’ ती प्रामुख्याने याच मार्गाने.

थंड प्रदेशात आणखी एक धोका असतो. पूर्ण भारित बॅटरीतले अम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गेल्यावरच गोठते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले पातळ अम्ल मात्र उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते. बर्फाने पट्ट्या वाकतात, पेटी तडकते. गोठलेली बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नये.

दाबावरून अवस्था ओळखणे : गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावल्यास साध्या बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भार उरलेला असतो. १०.५ व्होल्टच्या आसपासचा आकडा पूर्ण चार्जिंगनंतरही हलत नसेल, तर एखादा घट आतून शॉर्ट होऊन बाद झाल्याचा संशय घ्यावा. अशी बॅटरी सुधारत नाही.

बॅटरीपर्यंत पोहोचणे : साध्या गाडीत बॉनेट उचलले की बॅटरी दिसते. स्पोर्ट्स कारमध्ये वजनाचा तोल साधण्यासाठी ती पुढच्या सामानकप्प्यात, डिकीत किंवा आसनांमागे ठेवलेली असते, आणि कुलपेही विजेची असतात. बॅटरी उतरल्यावर पहिला अडथळा इथेच येतो.

पोर्शेच्या २००४ पासूनच्या ९११ (९९७ पिढी) आणि बॉक्सस्टर (९८७ पिढी) या गाड्यांत बॅटरी पुढच्या सामानकप्प्यात, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असते आणि कप्प्याचे झाकण विजेवर उघडते. त्यासाठी चालकाचे दार किल्लीने उघडून पायाजवळच्या फ्यूज पेटीतील धन अग्र बाहेर ओढतात. दुसऱ्या बॅटरीची धन तार त्याला आणि ऋण तार दाराच्या धातूच्या अडकणीला जोडतात. मग किल्लीवरचे बटण दाबले की झाकण सुटते. गाडी कुलूपबंद असेल तर तार जोडताच चोरघंटा वाजते. ती किल्लीने थांबवता येते. हा मार्ग फक्त झाकण उघडण्यापुरता आहे. त्यातून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास बारीक तारा जळतील.

शेव्हरोलेच्या सहाव्या पिढीतील कॉर्व्हेटला (२००५ ते २०१३) दाराची कुलपे विजेची आहेत. मागच्या नंबरप्लेटच्या वर एक कुलूप आहे. ते किल्लीने उघडले की मागचे झाकण उघडते आणि आतली पट्टी ओढून चालकाचे दार सोडवता येते. आत बसलेल्या माणसासाठी आसनाशेजारी जमिनीलगत हाताने ओढायचा खटका आहे. या गाडीच्या मालकाने तो खटका कुठे आहे हे घरच्यांनाही दाखवून ठेवावे.

माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या जपानी गाडीच्या पहिल्या दोन पिढ्यांत (१९८९ ते २००५) बॅटरी डिकीच्या उजव्या कोपऱ्यात असते. डिकी साध्या किल्लीने उघडते, त्यामुळे पोहोचणे सोपे. बदलताना मात्र तिची खास काळजी घ्यावी लागते, ती पुढे सांगितली आहे.

चौकट नसलेल्या काचांच्या अनेक गाड्यांत दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते. बॅटरी उतरली असता ती सरकत नाही, म्हणून दार हळूच उघडावे आणि जोराने लावू नये. काम पूर्ण होईपर्यंत विजेवर उघडणारे झाकण बंद न करणे हा सर्वांत मोलाचा नियम आहे.

पुनरुज्जीवन : सर्वांत चांगला उपाय म्हणजे सावकाश चार्जिंग. बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण एक-दशांश प्रवाह सुरक्षित मानतात. ६० अँपिअर-तासांसाठी ६ अँपिअर. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला याने रात्रभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, कारण शेवटचा टप्पा संथ असतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघू शकतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो ठिणगीने पेटतो. म्हणून जागा हवेशीर असावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि चार्जरची तार जोडताना-काढताना त्याचा स्विच बंद असावा. झाकणे उघडता येणाऱ्या जुन्या बॅटरीत पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे; अम्ल कधीही घालू नये.

स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा एजीएम जातीची बॅटरी असते. तिच्यात अम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते आणि पेटी बंद असते. पूर्ण भारित असताना तिचा दाब १२.८ व्होल्टच्या वर असतो. चार्जिंगचा दाब १४.८ व्होल्टच्या पुढे गेला तर झडपेतून वायू निघून जातो, चटई कोरडी पडते, आणि तिच्यात पाणी भरायची सोय नसते. म्हणून चार्जरवर एजीएमसाठी वेगळी निवड असेल तीच करावी. बॅटरी फारच खोल उतरली असेल तर स्वयंचलित चार्जर तिला ओळखतच नाही. अशा वेळी एखादी चांगली १२ व्होल्टची बॅटरी धन-धन व ऋण-ऋण अशी जोडून थोडा वेळ चार्ज करतात. उतरलेल्या बॅटरीचा दाब वर आला की दुसरी काढून घेतात. या काळात पेटीला हात लावून पाहत राहावे. ती गरम वाटली तर काम थांबवावे.

तातडीच्या वेळी जंप स्टार्ट करतात. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्राला, मग चांगल्या बॅटरीच्या धन अग्राला. काळी तार आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्राला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती वायूजवळ उडू नये म्हणून हा क्रम. काढताना क्रम उलटा. बॅटरी मागे असलेल्या काही गाड्यांत यासाठी बॉनेटखाली वेगळे अग्र दिलेले असते. असेल तर तेच वापरावे. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत फारसा भार परत येत नाही आणि रिकामी बॅटरी भरताना आल्टरनेटरही तापतो. म्हणून जंप स्टार्टनंतर घरी येऊन चार्जर लावावाच.

धक्का मारून गाडी सुरू करण्याचा जुना उपाय इथे क्वचितच चालतो. ड्युअल क्लच व ऑटोमॅटिक गाड्यांत तो शक्यच नसतो. हाताने गिअर टाकायच्या गाडीतही बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर इंधनपंप व नियंत्रकाला वीज मिळत नाही, आणि न जळलेले पेट्रोल उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन तो खराब होण्याची भीती असते.

कसोटी : पूर्ण चार्ज केल्यावर बॅटरी तारा काढून १२ तास ठेवावी आणि दाब मोजावा. तो टिकला तर भारकसोटी घ्यावी : थंडीत सुरू करण्याची जी क्षमता बॅटरीवर छापलेली असते, तिच्या निम्मा प्रवाह १५ सेकंद काढल्यावर २१ अंशांच्या आसपासच्या तापमानात दाब ९.६ व्होल्टखाली जाऊ नये. यात टिकली तर बॅटरी वाचली; नाहीतर बदलणे भाग आहे.

बदल : आधी ऋण तार सोडवावी, मग धन, नवी बसवताना आधी धन, मग ऋण. बहुतेक ठिकाणी दहा नंबरचा पाना पुरतो. नवी बॅटरी त्याच मापाची, त्याच जातीची आणि अग्रांची बाजू जुळणारी असावी. बॅटरी डिकीत असेल तर वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडणे अत्यावश्यक आहे. एमएक्स-५ मध्ये कारखान्यातून एजीएम बॅटरी व नळ्या येत. त्या जागी नळीविना साधी बॅटरी ठेवली, तर अम्लाच्या वाफेने पत्रा गंजतो आणि बंद जागेत हायड्रोजन साठतो. बॅटरी पट्टीने घट्ट आवळावी, कारण वळणावर ती सरकून शॉर्ट होऊ शकते. बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद नियंत्रकात करावी लागते. अन्यथा तो तिला जुनी समजून चुकीच्या रीतीने भरत राहतो. वीज तुटल्यामुळे रेडिओचा सांकेतिक क्रमांक, काचांची वरची मर्यादा व घड्याळ पुन्हा बसवावे लागते.

पोर्शेने २०१० पासून ९११ जीटी३ व बॉक्सस्टर स्पायडरसाठी लिथियम-आयर्न फॉस्फेट बॅटरीचा पर्याय दिला. तिचे वजन ६ किलोग्रॅमहून कमी, म्हणजे ती नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलोग्रॅमहून अधिक हलकी होती. शून्याखालच्या थंडीत ती मंदावते, म्हणून सोबत शिशाची बॅटरीही दिली जात असे. लिथियम बॅटरीला सल्फेट फोडण्याची सोय असलेला शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नये आणि गोठणबिंदूखाली ती भारित करू नये.

प्रतिबंध व विल्हेवाट : गाडी तीन आठवड्यांहून अधिक उभी राहणार असेल, तर बॅटरी राखणारा स्वयंचलित चार्जर जोडून ठेवावा. जवळ प्लग नसेल तर ऋण तार सोडवावी. मात्र झाकण हाताने उघडता येईल याची आधी खात्री करावी. पावसाळ्यातही कोरडा दिवस पाहून तासभराची फेरी मारावी. जुन्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. शिसे विषारी आहे, पण वितळवून पुन्हा वापरता येते. भारतात ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ लागू असून जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत संकलकाकडे किंवा विक्रेत्याकडे देणे बंधनकारक आहे.

उतरलेली बॅटरी दिसली त्याच दिवशी चार्जिंगला लावली, तर पट्ट्यांवरचे सल्फेट अजून बारीक असते आणि ती बहुधा वाचते. ‘पाऊस संपला की बघू’ म्हणून ठेवली, तर तेच सल्फेट आत दगड होऊन बसते.