‘शारदा’ नाटक आणि वर्गाचें वर्तमानपत्र



नाशिकच्या इतिहासांत एका नाटकाचें नांव एका खुनाच्या खटल्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं येथील विजयानंद नाट्यगृहांत ‘संगीत शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती व त्यांच्या निरोपानिमित्त तो योजिला होता. जॅक्सन प्रयोगास आले असतां अनंत लक्ष्मण कान्हेरे या विद्यार्थीदशेंतील तरुणानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. ही हकीकत आमच्या इंदिरानगरांतील शाळकरी मुलेंही सांगतील. पण त्या रात्रींच्या नाटकांत काय आहे, असें विचारलें तर पुष्कळांना थांबून विचार करावा लागेल.

ही उणीव कशी भरून काढावी? नाटक शिकवावयाचें म्हणजे पदांचा अर्थ सांगावयाचा, नाटककाराचें चरित्र द्यावयाचें आणि परीक्षेपुरतीं स्वभावचित्रें लिहवून घ्यावयाचीं, ही आमची जुनी रीत. तिला एक जोड सुचवावीशी वाटते. वर्गानें ‘शारदा’ वाचतां वाचतां एक वर्तमानपत्र काढावें. चार पानें असावींत, वर १८९९ सालची तारीख असावी, आणि बातमीदार, संपादक, मुद्रितें तपासणारे सारे विद्यार्थीच असावेत.

ही कल्पना या नाटकाला बाहेरून चिकटविलेली नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांचें ‘शारदा’ १८९९ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. पण त्यांतील प्रश्न त्यापूर्वीं पंधरा वर्षें वर्तमानपत्रांतूनच लढविला जात होता. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाहाविरुद्ध आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं दादाजी भिकाजी यांनीं, लहानपणीं लग्न झालेली आपली पत्नी रखमाबाई नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला. रखमाबाईंनीं १८८५ सालीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला ‘एक हिंदु स्त्री’ अशा सहीनें पत्रें लिहून बालविवाहाचें दुःख जगापुढें मांडलें. १८८७ सालीं कोर्टानें त्यांना नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असें फर्माविलें. १८८८ सालीं तडजोड झाली आणि पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हां टिळकांचा ‘केसरी’ व आगरकरांचा ‘सुधारक’ एकमेकांसमोर उभे ठाकले. त्या काळीं वृत्तपत्र व रंगभूमि या शेजारच्याच खोल्या होत्या. आगरकरांनीं ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें, तर देवलांनीं ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचलें.

आतां वर्गाच्या पहिल्या पानावरील बातमी पाहूं. भुजंगनाथ नांवाचे एक जरठ श्रीमंत गृहस्थ पुन्हा लग्न करीत आहेत. वधू कांचनभटांची कन्या शारदा. बातमीदारानें चौकशी कोणाकडे करावी? कांचनभट बोलतील, कारण त्यांना पैसा मिळावयाचा आहे. भद्रेश्वर दीक्षित तर बोलावयास उत्सुकच, कारण लग्न जुळविणें हा त्यांचा उद्योग. वर स्वतः आपलें वय कमी करून सांगेल. बातमी पुरी झाली असें वाटतें, आणि मग एखादी मुलगी विचारील, ‘शारदेला कोणी विचारलें?’ वर्गांतील वाद येथून सुरू होतो. कांहीं म्हणतील, त्या काळीं वधूला विचारीत नसत, म्हणून रकाना मोकळा सोडा. कांहीं म्हणतील, तो मोकळा रकाना हीच बातमी आहे.

शिक्षकानें मुलांना पुन्हा नाटकाकडे न्यावें तें याच क्षणीं. बातमींत जिला जागा नव्हती, तिला देवलांनीं रंगभूमीवर बोलावयास व गावयास लाविलें. मात्र त्या काळीं स्त्रीभूमिका पुरुषच करीत. म्हणजे शारदेचें दुःख प्रेक्षकांनीं ऐकलें तें पुरुषाच्या कंठांतून. रखमाबाईंनीं स्वतःच्या लेखणीनें लिहिलें, पण नांव झांकून. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे त्या युगांतील स्त्रीची अवस्था मुलांना व्याख्यानावांचून कळेल.

चवथ्या पानावर एक ‘दुरुस्ती’ असावी. १९२९ सालीं बालविवाहाला आळा घालणारा जो कायदा झाला, त्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणत, आणि या नाटकावरूनच तें नांव पडलें असा समज सहज होतो. वास्तविक तें नांव तो कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनांवावरून आलें. नाटक आणि कायदा यांत तीस वर्षांचें अंतर आहे. आपली चूक आपणच छापून कबूल करण्याची संवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कोणत्या रीतीनें इतकी चांगली लागेल?

शेवटीं एक जादा अंक काढावा, १९०९ चा, आणि तो सर्वांत कठीण. मथळा काय द्यावयाचा? जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते, ही एक बाजू. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षीं काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती व तिचा संताप या कटामागें होता, ही दुसरी. मथळ्यांत ‘खून’ म्हणावें कीं ‘बलिदान’? मुलांनीं दोन्ही मथळे लिहून पाहावेत, आणि प्रत्येक शब्द कोणाच्या बाजूनें बोलतो हें स्वतः शोधावें. शिक्षकानें निकाल देण्याची घाई करूं नये.

या रीतींत एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. वर्तमानपत्राच्या नादांत नाटकच मागें पडतें. मुलें कागद पिवळा करण्यांत आणि जाहिराती सजविण्यांत रमतात. म्हणून नियम असा असावा कीं, प्रत्येक बातमीखालीं ती नाटकाच्या कोणत्या प्रवेशांतून घेतली हें लिहिलेंच पाहिजे, आणि अंक निघाल्यावर तो प्रवेश वर्गांत मोठ्यानें वाचला पाहिजे. सगोत्रतेची अडचण पुढें येऊन लग्न मोडतें, ही एका ओळीची बातमी झाली. पण त्यानंतर जीव देण्यास निघालेली शारदा आणि तिला वांचविणारा कोदंड हें त्या ओळींत मावत नाहीं. जें मावलें नाहीं तें ओळखणें, हेंच नाटकाचें शिक्षण.

आणि हा सारा खटाटोप जुन्या काळापुरताच आहे काय? १९२९ च्या कायद्यानें मुलीचें वय चौदा ठरविलें, १९७८ सालीं तें अठरा झालें, २००६ सालीं नवा कायदा आला. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं महाराष्ट्रांत सुमारें २२ टक्के स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेलें आढळलें. पांचांत एकीहून अधिक. तेव्हां वर्गाच्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर १८९९ ची तारीख खोडून आजची घालावी, आणि बातमीदारानें त्या पहिल्याच प्रश्नानें आरंभ करावा. मुलीला कोणी विचारलें काय?