बऱ्हाणपूरची हूल आणि पालखेडचा पेच

मी रावेरचा. आमच्याकडून खंडव्याकडची गाडी पकडली, की केळीच्या बागा संपता संपता बऱ्हाणपूर येतं. आजची गोष्ट याच शहराच्या नावाने दिलेल्या एका हुलीची.

साल १७२७. दख्खनच्या चौथाईवरून निजामाने वाद उकरून काढला. छत्रपती कोण, शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे म्हणे तोच ठरवणार! शाहूंच्या दरबारात दोन मतं होती. प्रतिनिधींचा कल मिटवून घेण्याकडे, तर पेशवे बाजीरावांचा लढण्याकडे. शेवटी शाहूंनी लढाईचा निर्णय घेतला.

बाजीरावांनी बऱ्हाणपूर लुटणार अशी आवई उठवली. निजाम तिकडे धावला आणि हे तापी ओलांडून थेट गुजरातेत! फसलोय हे कळल्यावर निजाम पुण्यावर चालून गेला. पुणं त्याच्या हातात, आणि शाहू महाराज पुरंदरावर.

आता विचार करा. राजधानी साताऱ्याला असली तरी पुण्यात शत्रू बसलेला. कुणीही म्हणेल, आधी पुणं वाचवा. पण बाजीराव पुण्याकडे वळलेच नाहीत. फेब्रुवारी १७२८ मध्ये ते खानदेशात बेटावदला होते, तिथून त्यांनी रोख धरला औरंगाबादचा, म्हणजे निजामाच्याच घराचा. निजामाला पुणं सोडून मागे फिरावं लागलं. जड तोफा मागे पडल्या, आणि वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याचं पाणी, रसद तोडली. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहूंचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क निजामाने मान्य केला.

आपण बाजीरावांच्या घोडदौडीवर फिदा असतो. मला शाहू जास्त आठवतात. लढायचं का, हे त्यांनी ठरवलं. कसं, ते सेनापतीवर सोडलं. आणि पुण्यात शत्रू बसलेला असतानाही ती मोहीम मोडली नाही.

१ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हवाई दलाला परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी विमानं उडाली. कुठलं विमान कुठे जाईल, हे मंत्र्यांनी सांगितलं नाही.

सैन्यावर लोकांनी निवडलेल्या सरकारचा ताबा हवाच. पण लगाम हातात असणं वेगळं आणि दर पावलाला तो खेचणं वेगळं. तुम्ही पुरंदरावर असता, तर तेवढा धीर धरला असता का?