टर्बो गाडीत इथेनॉल: ताकद कुठून येते आणि इंजिन कशाने जातं?

पंपावर ई-२० पेट्रोल आल्यापासून इथेनॉलबद्दल बहुतेक गाडीमालकांची तक्रार एकच आहे, मायलेज कमी झालं. टर्बो इंजिन ट्यून करून घेणाऱ्यांचं मत मात्र अगदी उलटं असतं. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात ही मंडळी ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई-८५ मुद्दाम शोधून भरतात, कारण त्याच इंजिनातून त्यांना जास्त ताकद मिळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

याचं चांगलं उदाहरण स्वीडनच्या साब कंपनीचं आहे. २००५ मध्ये तिने ९-५ या मॉडेलची 'बायोपॉवर' आवृत्ती विकायला काढली. दोन लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देत होतं आणि ई-८५ वर १८०. टॉर्कही २४० वरून २८० न्यूटन मीटरवर जात होता. कंपनीला त्यासाठी इंजिनाची फार मोडतोड करावी लागली नाही. जास्त टिकाऊ व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह सीट, इथेनॉल सहन करणारे इंधन यंत्रणेचे भाग आणि बदललेलं सॉफ्टवेअर, एवढंच.

ताकद नेमकी कुठून येते?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई-२० मध्ये साधारण ७ टक्के कमी ऊर्जा भरते. मायलेजची तक्रार इथून येते. मग कमी ऊर्जेच्या इंधनातून जास्त ताकद कशी?

टर्बो इंजिनाची मर्यादा बहुतेक वेळा इंधनातल्या ऊर्जेची नसते, ती नॉकिंगची असते. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा दाबली की तापते. त्यात पिस्टन ती आणखी दाबतो. स्पार्क पडल्यावर ज्योत एका बाजूने पसरत जायला हवी, पण तापमान आणि दाब फार वाढले तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. बाहेर टकटक ऐकू येते आणि आत पिस्टनवर हातोडे पडत असतात. जोरात आणि सतत नॉकिंग झालं की पिस्टनवर रिंग बसतात त्या खाचांच्या कडा तुटतात, नाहीतर पिस्टन वितळतो. हे टाळण्यासाठी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, स्पार्क उशिरा देतो आणि बूस्ट कमी ठेवतो. दोन्हींमुळे ताकद घटते.

इथेनॉल ही मर्यादा दोन प्रकारे पुढे ढकलतं. पहिलं म्हणजे त्याचा ऑक्टेन आकडा सुमारे १०८ आहे, तर आपल्याकडचं साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ चं होतं. दुसरं कारण टर्बोवाल्यांना जास्त प्रिय आहे. तळहातावर सॅनिटायझर घेतलं की गार वाटतं, तेच सिलिंडरमध्ये घडतं. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते आणि ही उष्णता आत आलेल्या हवेतूनच घेतली जाते. शिवाय तेवढ्याच हवेला इथेनॉल वजनाने दीडपटीपेक्षा जास्त लागतं. दोन्ही धरले तर शुद्ध इथेनॉलचा गारवा कागदावर पेट्रोलच्या चौपट भरतो. हवा गार राहिली की बूस्ट वाढवता येतो आणि स्पार्क लवकर देता येतो.

म्हणजे इथेनॉल स्वतः ताकद देत नाही, ताकद वाढवायला जागा देतं. मॅप तसाच ठेवून नुसतं इंधन बदललं तर हाती फारसं काही लागत नाही. बिनटर्बोच्या गाडीत बूस्ट वाढवण्याचा प्रश्नच नसल्यामुळे फायदा मोजकाच राहतो.

पंप आणि इंजेक्टर

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ भाग पुरते आणि ई-८५ ला सुमारे ९.८. उलट्या बाजूने पाहिलं तर तेवढ्याच हवेला ई-८५ आकारमानाने साधारण ४० टक्के जास्त लागतं. ट्यूनिंगने बूस्ट वाढवला की हवाही वाढलेली असते, म्हणजे इंधनाची मागणी दोन्हीकडून चढते.

टाकीतला पंप आणि इंजेक्टर कंपनीने मूळ ताकदीला पुरतील एवढेच बसवलेले असतात. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय गाड्यांसारखी थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारी इंजिनं असतील तर आणखी एक अडसर येतो. त्यांचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याची क्षमता ठरलेली असते. म्हणून परदेशात अशा गाड्यांचे पुष्कळ ट्यूनर पूर्ण ई-८५ च्या नादी न लागता ३० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल ठेवतात. फायद्याचा मोठा हिस्सा तिथेच मिळतो आणि मूळ पंप तग धरतो.

पंप कमी पडला तर ते ड्रायव्हरला लगेच कळत नाही. गाडी शहरात छान चालते. हायवेवर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की चार-पाच सेकंदांनी इंधनाचा दाब घसरतो, मिश्रणात हवा जास्त होते, आणि हे सगळं नेमकं बूस्ट सर्वात जास्त असताना. ट्यूनर फक्त अश्वशक्तीचा आलेख दाखवत असेल आणि इंधनाच्या दाबाची नोंद दाखवत नसेल, तर ती मागून घ्यावी. मिश्रण बघण्याच्या मीटरचाही एक घोळ आहे. पेट्रोलसाठी बनवलेला मीटर इथेनॉलवरही योग्य मिश्रणाला १४.७ च दाखवतो, म्हणून जाणकार लॅम्डा हे एकक वापरतात. इंधन कोणतंही असो, योग्य मिश्रण म्हणजे लॅम्डा १.

टाकीत नक्की किती टक्के?

बहुतेक नुकसान इथे होतं. अमेरिकेत पंपावर ई-८५ लिहिलेलं असलं तरी ऋतू आणि प्रदेशानुसार त्यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असू शकतं. हिवाळ्यात गाडी सुरू व्हावी म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढवतात. उन्हाळ्यातल्या इंधनावर बेतलेला मॅप हिवाळ्यातल्या टाकीवर चालला तर जास्त बूस्ट आणि लवकरचा स्पार्क तसाच राहतो, पण नॉकिंगपासूनचं संरक्षण कमी झालेलं असतं.

आपल्याकडेही हे गणित मांडून बघता येतं. काही मोजक्या पंपांवर ई-१०० मिळतं. पुण्यात ५ जून २०२१ रोजी तीन पंपांवर त्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला होता. नाव ई-१०० असलं तरी त्यात इथेनॉल सुमारे ९३ टक्के असतं. समजा टाकीत ३० लिटर ई-२० आहे आणि वर १० लिटर ई-१०० घातलं. इथेनॉल झालं ६ अधिक ९.३, म्हणजे ४० लिटरमध्ये साधारण ३८ टक्के. अर्धी टाकी संपली आणि घाईत साधं ई-२० भरून घेतलं, तर प्रमाण २९ वर येतं. मॅप ३८ चा, इंधन २९ चं. इंजिनातला नॉक सेन्सर काही प्रमाणात सांभाळून घेतो, पण तो नॉकिंग झाल्यावर ऐकतो, आधी नाही.

यावर खरा उपाय म्हणजे इंधनाच्या नळीत बसणारा फ्लेक्स फ्युएल सेन्सर. इथेनॉलचे विद्युत गुणधर्म पेट्रोलपेक्षा खूप वेगळे असल्यामुळे त्याला प्रमाण ओळखता येतं. प्रचलित सेन्सर शून्य टक्क्यांना ५० हर्ट्झ आणि शंभर टक्क्यांना १५० हर्ट्झ असा संकेत पाठवतो आणि ईसीयू त्यानुसार इंधन, स्पार्क व बूस्ट बदलतो. साबने असा सेन्सर न लावता, इंधन भरल्यानंतर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं, पण त्यामागे कारखान्याच्या चाचण्या होत्या.

सेन्सर नसेल तर खुणा असलेली काचेची नळी तरी हवी. तिच्यात ठराविक पाणी आणि वर इंधन घालून हलवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर फुगतो आणि तो किती फुगला यावरून टक्केवारी निघते. स्वस्त उपाय आहे, पण प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर करावा लागतो.

ई-२० वर चालणाऱ्या ट्यून केलेल्या गाडीला यातलं फारसं काही लागत नाही. ई-१० च्या काळात केलेला मॅप असेल तर इंधनाची गरज सुमारे ४ टक्क्यांनी बदलते, ती ईसीयू स्वतः सांभाळून घेतो. भारतातल्या सर्वसाधारण गाड्यांना कंपनीची मान्यता मात्र ई-२० पर्यंतच आहे. त्यापुढचं मिश्रण भरलं की वॉरंटी विसरावी, आणि इंजिन गेलं तर विमा कंपनीशीही वाद होऊ शकतो.

थंडी, पावसाळा आणि उभी गाडी

जास्त इथेनॉल असलेल्या इंधनाची थंडीत वाफ नीट होत नाही. मुंबईत हे जाणवणार नाही, निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागेल. सुरू होताना न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल लवकर बदलावं लागतं, विशेषतः गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर. वाढलेल्या बूस्टमुळे ठिणगी विझू नये म्हणून स्पार्क प्लगची फटही कमी करतात.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. कमी प्रमाणाच्या मिश्रणात पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप तिथूनच खेचतो. कोकणातल्या पावसाळ्यात महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी म्हणून भरलेली ठेवतात, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. ई-८५ वर चालणाऱ्या गाड्या बंद ठेवण्याआधी परदेशात पेट्रोल भरून थोड्या चालवतात, म्हणजे पंप आणि इंजेक्टरमधलं इथेनॉल निघून जातं. फ्लेक्स सेन्सर नसलेल्या गाडीत हे करताना आधी पेट्रोलचा मॅप चढवावा लागतो, मग पेट्रोल.