कॅडिलॅक विकणे आहे

परवा ग्रुपवर फोटो आला. १९५९ची कॅडिलॅक, उघड्या टपाची, विकणे आहे. खाली लगेच कोणीतरी विचारलं, "भोसरीच्या गल्लीत वळेल का?" प्रश्न रास्त आहे. ही गाडी साधारण पावणेएकोणीस फूट लांब, इंजिन ६.४ लिटरचं आणि मागे माशाच्या परांसारखे उंच पंख. मग किमतीवरून दिवसभर चर्चा. मला मात्र दुसरंच सुचत होतं. ही गाडी बनवणारी कंपनी आपल्याकडे दोनदा आली आणि दोनदा गेली, हे किती जणांना माहीत आहे?

कॅडिलॅक म्हणजे जनरल मोटर्स. ती पहिल्यांदा तळेगावात आली असा आपला समज. पण ती १९२८ सालीच मुंबईत शिवडीला आली होती. जहाजातून पेट्या भरून सुटे भाग यायचे, इथले कामगार ते जोडायचे. पहिली शेवरोले त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तयार झाली. तीही उघडी, कापडी टपाचीच.

पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. करार केला अमेरिकेच्या क्रायस्लरशी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. याच प्रीमियरने २००९ साली आपल्या चिंचवडमधून 'रिओ' आणली होती, आठवते?

स्वातंत्र्यानंतर सरकारने साधं धोरण ठेवलं: नुसती जोडणी नको, भाग इथे बनवा, नाहीतर बंद करा. १९५३ला हे पक्कं झालं आणि १९५४ला जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. आयात जवळजवळ बंद झाली. त्यानंतरच्या अमेरिकी गाड्या इथे आल्या त्या बऱ्याचशा वकिलातींसाठी, आणि तिथून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या. म्हणून १९५९ची गाडी घेणाऱ्याने आधी क्रोम नाही, कागद बघावेत. कस्टमचे, विक्रीचे, आरटीओचे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची 'विंटेज' म्हणून नोंदणी होते, पण ती रोज ऑफिसला न्यायला चालत नाही.

त्या धोरणाची किंमत गिऱ्हाइकाने मोजली. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागलं, आणि मिळाली तरी निवड दोन-तीन गाड्यांतच. हे नाकारून चालणार नाही. पण भाग इथेच बनवायचे म्हटल्यावर ते बनवणारे हातही इथेच तयार झाले. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज आणि त्यांच्या आधाराने भोसरी-चिंचवडमधली शेकडो वर्कशॉप. आपला पट्टा उभा राहिला तो असा.

जनरल मोटर्स परत आली. तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७च्या शेवटी देशातली विक्री थांबली, डिसेंबर २०२०मध्ये उत्पादनही थांबलं. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला व्यवहार सरकारी मंजुरीअभावी २०२२ला फिसकटला. ऑगस्ट २०२३मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला: जमीन, इमारती, काही यंत्रं. हजाराहून जास्त कामगार मात्र त्या यादीत नव्हते. नव्या मालकाने आम्हालाही घ्यावं, एवढीच त्यांच्या संघटनेची मागणी होती.

आता त्या फोटोकडे परत या. साठी ओलांडलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं. बंद कारखान्यालाही मिळतं. ज्याने बारा-तेरा वर्षं लाइनवर काढली, ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि वय चाळिशीकडे झुकलंय, त्याला कोण घेणार? गुंतवणूक आणताना सरकार जमीन देतं, सवलती देतं. मग जाताना कामगारांचं काय, हेही त्याच करारात आधीच का लिहून घेऊ नये? १९५३ला सरकारने कंपन्यांना अट घालायची हिंमत दाखवली होतीच की!

कॅडिलॅक ज्याला परवडेल त्याने खुशाल घ्यावी, जपावी, फिरवावी. फक्त जुन्या गाड्यांचे फोटो जपतो तशा जुन्या कारखान्यांच्या आठवणीही जपू या. घरात कुणाचे आजोबा शिवडीला किंवा कुर्ल्याला होते, कुणी तळेगावच्या लाइनवर होतं, त्यांनी जरूर लिहा. तो इतिहास जाहिरातीत सापडणार नाही.